प्लेटांचं हळदीकुंकू

या, अशी पुढं सरका. भिंतीला टेकून बसलं की पेंग येते, आणि आजची गोष्ट पेंगत ऐकायची नाही. अहो कोपऱ्यातल्या वहिनी, तुम्हीही या, सतरंजी ऐसपैस आहे. चपला बाहेर, काळज्याही बाहेर. देवाचं नाव मनात घ्या आणि कान इकडं द्या. आज राजाची गोष्ट नाही, राक्षसाचीही नाही. आज एका यंत्राची, एका सासूबाईंची आणि एका जर्मन मास्तरांची गोष्ट सांगायची आहे. हसू आलं तर दाबू नका. कीर्तनात हसलेलं देवाला चालतं, जांभई मात्र दिसते त्याला.

तर हॅम्बर्ग शहर. पाऊस तिथं पाहुणा म्हणून येत नाही, भाडेकरू म्हणून राहतो. एल्बे नदीच्या पलीकडच्या काठाला, जिथून बंदराच्या क्रेना दिसतात, तिथं एक वर्कशॉप होतं. डेअऱ्यांची, जहाजांची, पोहण्याच्या तलावांची हीट एक्सचेंजर नावाची यंत्रं तिथं दुरुस्तीला यायची.

आता हे यंत्र म्हणजे काय, ते समजून घ्या, म्हणजे पुढं अडायला नको. दूध तापवायचं आहे, पण जाळावर नाही. मग एका बाजूनं गरम पाणी सोडायचं, दुसऱ्या बाजूनं गार दूध, आणि मध्ये स्टीलचा पातळ पत्रा, पापडासारखा, अंगभर नागमोडी खाचा असलेला. ही झाली प्लेट. अशा पुष्कळ प्लेटा एकीमागे एक उभ्या करायच्या, प्रत्येकीच्या कडेनं रबरी गॅस्केट बसवायचं, आपल्या कुकरच्या झाकणात असतं ना, त्याचंच मोठं भावंड, आणि लांबच्या लांब बोल्टांनी सगळ्यांना घट्ट आवळायचं. गरम आपल्या वाटेनं जातं, गार आपल्या वाटेनं. एकमेकांना शिवत नाहीत, पण ऊब इकडची तिकडं पोचते. संसारात राहून कुणाच्या पाण्यात पाणी मिसळू न देता मायेची ऊब तेवढी द्यायची, हे माणसाला जन्मभर जमत नाही, ते हा पत्रा मुकाट्यानं करतो.

पण पत्रा झाला तरी तो थकतो. खाचांत दुधाची खरवड दगडासारखी बसते, गॅस्केट कडक होतं, एखादीला केसाएवढी चीर जाते. चीर गेली की तिकडचं पाणी दुधात उतरणार आणि गाव पोट धरून बसणार. म्हणून अधूनमधून सगळं यंत्र उकलायचं, प्लेटा धुवायच्या, एकेक तपासायची, नवी गॅस्केट घालायची आणि पुन्हा आवळायचं. हेच त्या वर्कशॉपचं काम, आणि हेच आपल्या भास्करचं काम.

भास्कर ताम्हनकर मूळचा सांगलीचा, मेकॅनिकल इंजिनिअर. बायको वीणा तिथल्याच एका सॉफ्टवेअर कंपनीत. भास्करला ही नोकरी लागून थोडे महिने झाले होते आणि त्याची प्रोबेत्साइट संपत आली होती. प्रोबेत्साइट म्हणजे परीक्षेचा काळ. त्या काळात पटलं नाही तर हातात नारळ द्यायचा आणि दार दाखवायचं. भास्करला ठेवायचं की नाही हे ठरवणार होते येन्सन. तिकडं वर्कशॉपच्या मुख्य कारागिराला माइस्टर म्हणतात. भास्कर तोंडावर त्यांना ‘हेर येन्सन’, म्हणजे श्रीयुत येन्सन म्हणायचा, घरी मात्र त्यांचं ‘मास्तर’ करून टाकलं होतं.

मास्तर उंच, वाळके, पांढऱ्या मिशांचे. बोलणं असं की शब्दांना रेशन लावलंय. वर्कशॉपच्या भिंतीवर त्यांनी एक पाटी लावली होती: धूम्रपान मना, फोन मना, शिट्टी वाजवणं मना, हातमोज्यांशिवाय प्लेटेला हात लावणं मना. आणि कौतुकाला एकच शब्द, ‘पास्ट’. गॅस्केट खाचेत नेमकं बसलं की त्यावरून अंगठा फिरवून म्हणायचे, “पास्ट.” बसलं, जमलं, ठीक आहे. आजवर हा शब्द मास्तर गॅस्केटला म्हणाले होते, बोल्टला म्हणाले होते. भास्करला एकदाही म्हणाले नव्हते.

अशात नवरात्राला वीणाची आई आली. ऊर्मिलाबाई, राहणार मिरज. साध्यासुध्या सासूबाई नव्हेत, कीर्तनकार! नऊवारी नेसून, झांजा हातात घेऊन उभ्या राहिल्या की मिरजेच्या देवळात मागं बसलेल्या पोरांची बडबड आपोआप बंद व्हायची. हॅम्बर्गच्या मराठी मंडळानं त्यांचं दसऱ्याचं कीर्तन ठरवलं होतं. दसऱ्याचं म्हणजे दसऱ्याच्या पुढच्या शनिवारी. परदेशात देवसुद्धा वीकएंड बघून येतो.

तोवर घरात ऊर्मिलाबाईंना करमेना. भांडी मशीन घासतं, कपडे मशीन धुतं, आणि रविवारी गॅलरीत झटकणी आपटली तर खालची बाई वर येते.

“इथं देवाचं नाव तरी मोठ्यानं घेतलेलं चालतं का गं?” त्यांनी लेकीला विचारलं.

“चालतं. पण रूहत्साइटमध्ये नाही. शांततेची वेळ असते ती,” वीणा म्हणाली.

“म्हणजे देवालाही डुलकी लागते म्हण की.”

खंडेनवमी शनिवारी आली. खंडेनवमीला आपण हत्यारांची, यंत्रांची पूजा करतो. ऊर्मिलाबाईंनी सकाळीच विळी, सुऱ्या, मिक्सर, व्हॅक्यूम क्लीनर, वीणाचा लॅपटॉप आणि खाली बांधलेली सायकल, सगळ्यांना हळदीकुंकू लावलं. शेजाऱ्यांच्या सायकलीलाही लावलं, ती एकटी कशाला राहील म्हणून. मग जावयासमोर येऊन उभ्या राहिल्या.

“भास्करराव, तुमचं हत्यार कुठाय?”

“माझं? ते वर्कशॉपात, आई.”

“मग चला.”

“अहो, आज सुटी आहे तिथं. मास्तरही नसतील.”

“उत्तम. म्हणजे आडवं यायला कुणी नाही. ज्या यंत्रावर तुमचं घर चालतं ते आजच्या दिवशी बिनपूजेचं ठेवायचं? तुमच्या परीक्षेचा काळ ना हा?”

आता बघा, भास्कर नाही म्हणू शकला असता. पण सासूबाईंनी नेमकं दुखऱ्या जागी बोट ठेवलं होतं. त्यातून त्याच्याकडे किल्ली होती, कारण सोमवारच्या तपासणीसाठी प्लेटा मांडून ठेवायचं काम त्याच्याच गळ्यात होतं. ब्राउनश्वाइगकडच्या एका डेअरीचं यंत्र होतं ते, आणि मास्तरांनी सगळं भास्करवर सोपवलेलं पहिलंच काम. तो म्हणाला, “पाच मिनिटं हं, आई. एका प्लेटेला लावायचं आणि निघायचं.”

“एकीला तर एकीला,” ऊर्मिलाबाई म्हणाल्या, आणि पूजेची पिशवी उचलली.

वर्कशॉपात धुतलेल्या प्लेटा लोखंडी घोडीवर ओळीनं टांगलेल्या होत्या. लख्ख, चकचकीत, माणसाच्या छातीएवढ्या उंच. खिडकीतून उजेड येत होता आणि खाचाखाचांवर लहरत होता. ऊर्मिलाबाई दारातच थबकल्या.

“अगंबाई! नेसून-सवरून उभ्या आहेत की सगळ्या!”

तेवढ्यात वीणाचा फोन आला. फोन मना ही पाटी आठवून भास्कर धावत बाहेर गेला.

“अरे भास्कर, आई निरांजन घेऊन गेलीये का?”

“पिशवीत असेल. का?”

“पेटवू देऊ नकोस! छताला धुराचा अलार्म असेल. फॉयरवेअर येईल दारात, बंब घेऊन. आणि आई त्यांनाही ओवाळेल.”

भास्कर धावत आत आला तर निरांजन कुठंच नव्हतं. त्यानं सुटकेचा श्वास घेतला, आणि अर्ध्यावरच तो अडकला. ऊर्मिलाबाई पार ओळीच्या शेवटाला पोचल्या होत्या. साडीच्या दुकानात हँगर सरकवतात तशी एकेक प्लेट सरकवत होत्या, आणि ओल्या बोटानं प्रत्येकीच्या मधोमध वरच्या अंगाला, कपाळ असावं तिथं, आधी हळद आणि मग कुंकू लावत होत्या. मागं वळून पाहावं तर सगळी रांग हळदीकुंकू लेवून उभी!

“आई! एका प्लेटेला म्हणाला होतात!”

“म्हटलं होतं हो. पण इतक्या सवाष्णी ओळीनं उभ्या. पहिलीला लावायचं आणि बाकीच्यांनी काय तोंडाकडं बघत बसायचं? हळदीकुंकवाला बोलावलेली बाई कुणी तशीच परत पाठवतं का?”

“अहो, हातमोज्यांशिवाय हात लावायचा नसतो प्लेटेला!”

“हातमोजे घालून हळदीकुंकू? मेल्याहून मेल्यासारखं होईल मला.”

बोलण्यात अर्थ नव्हता. भास्करनं बादली आणली, फडकी आणली, आणि सासू-जावई दोघं मिळून रांग पुसत निघाले. सासूबाई पुसता पुसता गात होत्या, जावई पुसता पुसता देवाचा धावा करत होता. म्हणजे नामस्मरण दोघांकडूनही घडलं. कुंकू गेलं, हळद गेली. भास्करनं एकेक प्लेट खिडकीच्या उजेडात तिरकी धरून पाहिली. लख्ख! त्याला वाटलं, सुटलो.

मंडळी, डोळ्याला जे लख्ख दिसतं त्याची खात्री माणसानं लवकर देऊ नये.

सोमवारी सकाळी मास्तरांनी काळी खोली उघडली. खोली कसली, काळे पडदे लावलेला एक कोपरा. तिथं प्लेटांची खरी परीक्षा होते. प्लेटेच्या मागच्या अंगाला एक पातळ द्रव फवारायचा, तो मुरू द्यायचा, आणि मग अंधारात पुढच्या अंगावर जांभळा दिवा धरायचा. चीर असेल तर द्रव तिच्यातून पाझरून पुढं येतो आणि दिव्याखाली हिरवट पिवळा चमकतो. काजव्यासारखा. चीर नसेल तर प्लेट अंधारात काळीच राहते.

मास्तरांनी पहिली प्लेट लावली, दिवा धरला.

कपाळावर एक गोल काजवा चमकला.

मास्तरांनी दिवा जरा जवळ नेला. दुसरी लावली. तिच्याही कपाळावर, त्याच जागी. तिसरी. चौथी. भास्कर एकेक प्लेट आणून देत होता आणि पुढची आणायला दर खेपेला जरा जास्त वेळ लावत होता. कारण त्याला अंधारात स्वच्छ दिसत होतं की ती चीर नव्हे. तो बोटाचा ठसा होता, शेवटी जरा उजवीकडं वळलेला. ऊर्मिलाबाई टिळा लावताना बोट असंच वळवायच्या. आणि हळदीचा गुण आता आठवून काय उपयोग? साडीवर सांडलेली हळद पाण्यानं जाते का कधी? डोळ्याला दिसेनाशी होते, पण खाचेत दडी मारून बसते. वर तिचा आणखी एक गुण त्याच दिवशी भास्करला कळला: जांभळ्या दिव्याखाली तीही त्या द्रवासारखीच झळकते.

“दास गिब्ट्स दोख निश्त,” मास्तर पुटपुटले. असं असूच शकत नाही.

अर्धी रांग झाल्यावर त्यांनी दिवा खाली ठेवला. “सगळ्यांना चीर. एकाच जागी. म्हणजे जिथं बनल्या तिथल्याच प्रेसचा दोष. सगळा संच भंगारात. डेअरीला कळवतो.”

आणि आता, मंडळी, खरी गोष्ट इथं आहे. भास्करनं फक्त गप्प राहायचं होतं. मास्तरांनी स्वतःच कारण शोधलं होतं, स्वतःच निकाल दिला होता. दोष दूरच्या कुठल्याशा प्रेसचा. भास्करकडं कुणी बोटसुद्धा दाखवणार नव्हतं. प्रोबेत्साइट सुखरूप पार पडली असती. आणि बोलायचं तर काय बोलायचं? सुटीच्या दिवशी परकं माणूस आत आणलं, विनामोज्यांचा हात लावू दिला, अन् प्लेटांना स्वयंपाकघरातला मसाला फासला? पाटीवर लिहिलेले आणि न लिहिलेले कितीतरी नियम एका सकाळीत मोडले होते. शिट्टी तेवढी वाजवायची राहिली होती.

भास्कर गप्प राहिला. एक श्वास गप्प राहिला, दुसरा श्वास गप्प राहिला.

मास्तरांनी खिशातून लाल मार्कर काढला. भंगारात जाणाऱ्या प्लेटेवर फुली मारायची त्यांची पद्धत होती. पहिल्या प्लेटेवर, नेमकं जिथं परवा कुंकू लावलं होतं तिथंच, ते फुली मारायला वाकले. आणि भास्करच्या डोळ्यांपुढं ती सगळी रांग उभी राहिली, खिडकीच्या उजेडातली, नेसून-सवरून आलेली. हळदीकुंकवाला बोलावून, कपाळाला टिळा लावून, त्याच टिळ्यावर बोट ठेवून घराबाहेर काढायचं त्यांना? त्यानं मास्तरांचा हात धरला. मास्तरांचा! हात!

“थांबा, हेर येन्सन. ती चीर नाही.”

“मग काय आहे?”

घाबरला की भास्करचं जर्मन पहिल्या यत्तेत जाऊन बसायचं. सगळी वाक्यं पळून गेली, एकच शब्द सापडला.

“माझी सासू.”

मास्तरांनी दिवा भास्करच्या तोंडावर धरला. “तुमची सासू,” ते हळूच म्हणाले, वेड्या माणसाशी बोलावं तसं, “प्लेटेत आहे?”

“आत नाही, वर. आल्झो, म्हणजे... शनिवारी ती इथं आली होती.”

“शनिवारी इथं कुणी नसतं.”

“गेनाऊ, अगदी बरोबर. म्हणूनच आणली.”

मग भास्करनं सगळं सांगितलं. खंडेनवमी सांगितली, पूजा सांगितली. हळदीला त्यांच्याकडे कुर्कुमा म्हणतात, तेही सांगितलं.

“कुर्कुमा,” मास्तर म्हणाले. “भाजीत घालतात ती.”

“या.” तिकडं होकाराला ‘या’ म्हणतात.

“माझ्या प्लेटांना.”

“या.”

“चवीसाठी?”

“आदरासाठी, हेर येन्सन.”

मास्तरांनी पुन्हा दिवा उचलला आणि ओळीवरून फिरवला. काजवे एकामागून एक चमकत गेले.

“सगळ्यांना लावली?”

“एकीला लावून दुसरीला नाही लावली, तर दुसरीचा अपमान होतो.”

“एकही सुटली नाही?”

“एकही नाही.”

मास्तरांनी दिवा खाली ठेवला. मग म्हणाले, “तिला बोलवा.”

भास्करनं बाहेर जाऊन फोन लावला. “आई, मास्तरांनी तुम्हाला बोलावलंय. लगेच.”

“बघा! कळलं ना त्यांना पूजेचं? प्रसाद घेऊन येऊ का?”

“नका आणू काही. नुसत्या या.”

वीणा त्यांना सोडायला आली आणि दारातच राहिली, कारण मास्तरांनी आत येणाऱ्यापुढं लोखंडी टोकाचे बूट ठेवले होते आणि जास्तीचा जोड एकच होता. नऊवारी, खाली अवजड काळे बूट, डोळ्यांना प्लास्टिकचा चष्मा, हातात निळे मोजे: अशा थाटात ऊर्मिलाबाई टाकटाक करत मास्तरांसमोर जाऊन उभ्या राहिल्या आणि मोजे घातलेले हात जोडून मराठीतच म्हणाल्या, “हे बघा मास्तर, चुकलं असेल तर माझं. जावयाला बोल लावू नका. त्याला परीक्षेत नापास केलंत तर मी मिरजेला कुठल्या तोंडानं जाऊ?”

मास्तरांनी भास्करकडं पाहिलं. भास्करनं घाबरत घाबरत जेवढं जमलं तेवढं भाषांतर केलं. मास्तर वाकले, ऊर्मिलाबाईंच्या हातात स्पिरिटची बाटली आणि स्वच्छ फडक्यांचा गठ्ठा दिला, आणि घोडीकडं बोट दाखवलं.

पाण्यानं न जाणारी हळद स्पिरिटनं जाते. दिवसभर तिघं पुसत होते. मास्तर एका टोकाकडून, सासूबाई दुसऱ्या टोकाकडून, भास्कर मधे. थोड्या वेळानं सासूबाई गुणगुणायला लागल्या, मग गुणगुणणं वाढलं, मग त्यांचा कीर्तनातला आवाज मोकळाच सुटला. भास्करनं भीत भीत पाटीकडं पाहिलं. शिट्टी मना होती, गाणं मना असं काही तिथं नव्हतं. नियमात नाही त्याला मास्तर आडवे येईनात. उलट त्यांचं फडकं ठेक्यात फिरायला लागलेलं भास्करनं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं.

पुसून, धुऊन, वाळवून झाल्यावर पुन्हा काळी खोली. पुन्हा मागून द्रव, पुढून दिवा. या वेळी ऊर्मिलाबाईही पडद्याआड येऊन उभ्या राहिल्या. पहिली प्लेट काळी. दुसरी काळी. भास्करच्या छातीवरचा धोंडा तसूतसूनं हलत होता. रांग संपत आली, आणि एका प्लेटेवर पुन्हा उजेड दिसला.

“मी पुसलं होतं हो नीट!” ऊर्मिलाबाई कळवळून म्हणाल्या.

पण हा उजेड कपाळावर नव्हता. खालच्या कोपऱ्यातल्या भोकाच्या कडेला होता, रेशमाच्या धाग्यासारखा बारीक, वाकडा. मास्तरांनी भिंग लावलं.

“ही कुर्कुमा नाही,” ते म्हणाले. “ही चीर आहे.”

ऊर्मिलाबाईंचं तोंड उतरलं. “हिला? अहो, ही तर ओळीतली शेवटची. हिला मी सगळ्यांत ठसठशीत लावलं होतं! मग हिलाच कशी गेली?”

भास्करनं भाषांतर केलं. मास्तरांनी दिवा विझवला नाही. जांभळ्या उजेडात त्यांच्या मिशा भुताच्या दिसत होत्या. ते एकेक शब्द तोलून म्हणाले, “त्यांना सांगा, आदर सगळ्यांना सारखा द्यावा, हे बरोबर आहे. पण दिवाही सगळ्यांवर सारखाच धरावा.”

हे ऐकून ऊर्मिलाबाई एकदम गप्प झाल्या. कीर्तनकार माणूस एकदम गप्प झाला की समजावं, काहीतरी गाठीला बांधून घेतलं.

त्या एका प्लेटेवर मास्तरांनी लाल फुली मारली. मारताना एकदा ऊर्मिलाबाईंकडं पाहिलं आणि फुली कोपऱ्यात मारली, कपाळावर नाही.

मग हात धुऊन त्यांनी भास्करला समोर उभं केलं.

“हेर ताम्हनकर. परकं माणूस आत आणलंत.”

“या.”

“हातमोजे नव्हते.”

“या.”

“मसाला.”

“या, हेर येन्सन.”

“गप्प बसला असतात तर मी सगळ्या फेकून दिल्या असत्या. तुम्हाला कुणी विचारलंही नसतं. का बोललात?”

भास्करनं पुष्कळ विचार केला, पण खरं तेवढंच तोंडात आलं. “त्यांचा काही दोष नव्हता.”

“सासूबाईंचा?”

“प्लेटांचा.”

मास्तरांनी त्याच्याकडं पाहिलं. नवीन गॅस्केट बसवल्यावर कडेनं नजर फिरवावी, तसं डोक्यापासून बुटांपर्यंत. खांद्यावर अंगठा टेकवून जरा दाबून पाहिलं. आणि म्हणाले, “पास्ट.”

बस्स. एवढाच निकाल. भास्कर बाहेर जाऊन थेट पावसात उभा राहिला, म्हणजे डोळ्यांत काय आहे ते कुणाला कळू नये. दुसऱ्या दिवशी भिंतीवरच्या पाटीत एक नवी ओळ आली होती, बाकीच्या ओळींइतक्याच ठळक अक्षरांत: कुर्कुमा मना.

शनिवारी कीर्तन होतं. एका चर्चचा हॉल मंडळानं घेतला होता. पत्रिकेत सहाची वेळ, म्हणजे आपली मंडळी सातला यायची. पण सहाच्या ठोक्याला हॉलमध्ये एकच श्रोता हजर होता: इस्त्रीचा शर्ट घातलेले येन्सनमास्तर. ऊर्मिलाबाईंनीच निरोप धाडला होता. रिकामा हॉल बघून मास्तरांना वाटलं, कार्यक्रम रद्द झाला. पण समोर पेटीचं स्टँड डुगडुगत होतं, ते त्यांना बघवेना. खिशातून पाना काढून त्यांनी त्याचे स्क्रू आळीपाळीनं, समोरासमोरचे आधी, असे आवळून टाकले. लोक जमेपर्यंत माइकचा दांडा आणि हॉलच्या दाराची बिजागरीही आवळून झाली होती.

कीर्तन काय रंगलं म्हणून सांगू! पूर्वरंगात बाईंनी नामाचा महिमा लावला, आणि उत्तररंगाला सगळे पुराणातली कथा ऐकायला सरसावून बसले तर त्यांनी काढलं प्लेटांचं आख्यान! “मंडळी,” झांजा थांबवून त्या म्हणाल्या, “कपाळाला टिळा मी लावीन हो, तुम्हालाही लावीन, अगदी ठसठशीत. पण टिळ्याखाली चीर आहे का, ते मला दिसत नाही. त्याला दिवा लागतो, आणि तो दुसऱ्याच्या हातात असला तर फार बरं. तो दिवा कुणी आपल्यावर धरला तर रागावू नका. हा दिवा मला दाखवला येन्सनमास्तरांनी!” मास्तरांना त्यातलं अक्षर कळत नव्हतं. पण आपलं नाव तेवढं ऐकू आलं, आणि हजेरी घेतायत असं वाटून ते ताडकन उभे राहिले. टाळ्या अशा कडाडल्या की बिचारे बसायचंच विसरले. आरती होईपर्यंत तसेच उभे.

आरतीनंतर बाई श्रोत्यांना टिळा लावत निघाल्या. बुक्का त्यांनी मिरजेलाच ठेवला होता, काळी पूड घेऊन विमानात बसायला मन धजलं नव्हतं म्हणून. हळद होती. मास्तरांसमोर आल्यावर त्या थांबल्या, आणि खुणेनंच विचारलं, लावू का? मास्तरांनी इकडं तिकडं पाहिलं. पाटी त्यांच्या वर्कशॉपात होती, इथं नव्हती. त्यांनी मान खाली केली, आणि ऊर्मिलाबाईंनी त्यांच्या कपाळावर बोट टेकवून जरा उजवीकडं वळवलं.

सोमवारी सकाळी एका जहाजाच्या प्लेटा तपासायच्या होत्या. मास्तर नेहमीसारखे आंघोळ करून, तोंड खसखसून, मिशा विंचरून आले होते. काळ्या खोलीत त्यांनी दिवा लावला, पहिली प्लेट पाहायला वाकले, आणि भास्करच्या तोंडून शब्द निसटला.

“हेर येन्सन, चीर.”

“कुठं?” मास्तर दचकले. “मला दिसत नाही.”

भास्करनं चकचकीत प्लेट आरशासारखी त्यांच्यासमोर धरली. अंधारात मास्तरांच्या कपाळावर एक गोल काजवा चमकत होता, शेवटी जरा उजवीकडं वळलेला. मास्तरांनी तो पाहिला. स्पिरिटची बाटली हाताशीच होती. त्यांनी हात पुढं केला, बाटली जरा बाजूला सरकवली, आणि म्हणाले, “पुढची आणा.”

तर अशी ही गोष्ट. भास्कर तिथंच कायम झाला, आणि मास्तर पुढं यथाकाळ निवृत्त होऊन समुद्राकाठी बहिणीकडं राहायला गेले. जाताना ती चीर गेलेली प्लेट भंगारातून उचलून घेऊन गेले, असं म्हणतात, आणि ती तिथं बागेत भिंतीला टेकून उभी आहे म्हणे. आता आरती होईल, ताट तुमच्यापुढं येईल, कपाळाला बोट लागेल. तेवढ्या क्षणापुरते डोळे मिटाल तेव्हा आपल्या माणसांबरोबर त्या हॅम्बर्गच्या येन्सनमास्तरांचीही आठवण ठेवा. तो दिवा धरणारा हात सुखी राहो, एवढं देवाला सांगा.